देवाचे निमित्त



"ताई, तुमी देवाले मानता का नाही जी?"

गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्तीला हा प्रश्न कधी ना कधी विचारला गेला आहे. बचत गटाची बैठक संपत आलेली असते, वहीवर अंगठे-सह्या झालेल्या असतात आणि कुणीतरी आजी सहज विचारल्यासारखे विचारते. प्रश्न वाटतो तितका सहज नसतो. 'मानते' म्हणावे तर पुढच्या बैठकीला नारळ फोडायला आपल्यालाच बोलावतात, आणि 'नाही मानत' म्हणावे तर दोन-तीन बाया पुढच्या वेळी येत नाहीत. आजीला ईश्वराच्या अस्तित्वाची चर्चा करायची नसते. ही बाई आपल्यातली आहे की आपले काही हिरावून घ्यायला आली आहे, एवढेच तिला जोखायचे असते.

आधुनिक जीवनात देवावरच्या श्रद्धेला काही अर्थ उरला आहे का, या विषयावर शहरात परिसंवाद होतात. तिथे आस्तिक आणि नास्तिक अशा दोन बाजू असतात, दोन्हीकडचे वक्ते बहुधा पुरुष असतात, आणि वाद सृष्टी कुणी निर्माण केली इथून सुरू होऊन तिथेच संपतो. स्त्रियांच्या दृष्टीने हा प्रश्न वेगळ्या ठिकाणी सुरू होतो. तो आम्ही या अंकात नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनी तालुक्याच्या निमित्ताने मांडतो आहोत. हा एकच तालुका पाहिला तरी देवाच्या प्रश्नाला दिलेली किमान चार उत्तरे शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

पारशिवनी काही आधुनिकतेपासून दूर नाही. पेंच नदी अडवून नवेगाव खैरीला जे पाणी साठवले आहे, त्यावर नागपूर शहराची तहान भागते. कन्हानकडे कोळशाच्या खाणी आहेत. कोलितमाऱ्याला वाघ बघायला पर्यटकांच्या जिप्सी येतात. हातोहाती मोबाइल आहेत. शाळा, धरण, वीज आली की देव आपोआप मागे सरेल, असे एकेकाळी अनेकांना वाटत होते. तसे झालेले नाही. महाशिवरात्रीला घोगरा महादेवाला माणूस मावत नाही. मोहफुले वेचायला पहाटे जंगलात शिरणारी बाई आधी वाघदेवाला हात जोडते. त्या जंगलात वाघ खरोखरच आहे, आणि तिच्या घरात दुसरे उत्पन्न नाही. तिच्या हात जोडण्याला हसण्याआधी या दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत.

मात्र एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसते. देव कुणाचाही असो, देवाचे काम बाईचे असते. पहाटे उठून सडा घालणे, देव घासणे, नैवेद्याचा स्वयंपाक, सोवळे-ओवळे, आणि या सगळ्यावर उपास. सोमवार नवऱ्यासाठी, चतुर्थी मुलासाठी, हरितालिका सौभाग्यासाठी, नवरात्र घरासाठी. घरातल्या पुरुषाने बायकोच्या आयुष्यासाठी वर्षातून एक दिवस उपाशी राहावे, असे व्रत आपल्याकडे घरोघर पाळलेले दिसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. उपासामुळेच रक्त कमी होते असे आम्ही म्हणणार नाही. रोजच्या जेवणात जी सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी जेवते, तीच धर्माच्या नावाने आणखी उपाशी राहते, हे मात्र म्हणावेच लागेल.

आता ती चार उत्तरे बघू.

पहिले उत्तर बौद्ध वस्तीचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. बावीस प्रतिज्ञांपैकी सुरुवातीच्याच प्रतिज्ञा ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण आणि गौरी-गणपती यांना देव मानणार नाही अशा आहेत. विदर्भातल्या घराघरांतले देव त्यानंतर नदीत आणि विहिरीत गेले. ज्यांना पोट भरायची भ्रांत होती त्यांनी हे केले, हे आपण विसरता कामा नये. देव सोडणे ही चैन फक्त शिकल्यासवरलेल्यांना परवडते, हा समज इथे कधीच खोटा ठरला आहे. त्याआधी देवांचे ओझे बायकांच्या डोक्यावर कसे होते, आषाढात त्यांच्या अंगात कसे येई, हे बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' मध्ये लिहून ठेवले आहे.

पण या घटनेची एक बाजू क्वचितच सांगितली जाते. देव सोडण्याच्या चौदा वर्षे आधी, २० जुलै १९४२ रोजी, याच नागपुरात दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली होती. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद व्हावे, कामगार स्त्रियांना रजा मिळावी, असे ठराव तिथे झाले. म्हणजे हक्कांची मागणी आधी झाली, संघटना आधी बांधली गेली आणि देव नंतर गेले. गेले तेव्हा त्यांची जागा रिकामी राहिली नाही. विहार आला, वंदना आली. वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते, आणि ऐकायला-वाचायला बसलेल्यांत बायकाच जास्त असतात. ज्यांच्या आजीला अक्षर शिवू दिले नव्हते, त्या ग्रंथ वाचतात. हुंडा त्या वस्तीतून गेलेला नाही, दारू गेलेली नाही, घरातला हात उगारणे गेलेले नाही, हे तिथल्या मैत्रिणीच आपल्याला सांगतात. देव गेल्याने पुरुषप्रधानता आपोआप जात नाही. बाईला बसायची एक जागा आणि वाचायला एक ग्रंथ मात्र मिळाला.

दुसरे उत्तर गोंड आदिवासींचे. नवेगाव खैरीच्या जलाशयाजवळ कुंवारा भिवसेन हे त्यांचे मोठे श्रद्धास्थान आहे. हा देव राजवाड्यातला नाही, डोंगर-पाण्यातला आहे. पेन म्हणजे देव, आणि पेनाचे नाते कुळाशी, जंगलाशी, पूर्वजांशी. अनेक अभ्यासक आदिवासी धर्मात स्त्रीला बरोबरीचे स्थान आहे असे सांगतात, आणि विधवेचा पुनर्विवाह, नवरा सोडण्याची मोकळीक या बाबतींत ते बरेचसे खरेही आहे. पण पूजेचा मान भूमकाचा, भूमका बहुधा पुरुष, आणि जमीन मुलांच्या नावावर. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. तेव्हा रूढी काय म्हणते यावर आदिवासी मुलीचा हिस्सा अडून राहतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगढमधल्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात, मुलींना वगळणारी रूढी सिद्ध होत नसेल तर त्यांना समान हिस्सा मिळाला पाहिजे, असा निर्णय दिला. वनहक्क कायद्याने (२००६) विवाहितांना दिलेला पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. भिवसेनाला मानणाऱ्या बाईला तिचा देव सोडायला सांगायची गरज नाही. सातबाऱ्यावर तिचे नाव कुठे आहे, हे विचारायची गरज आहे.

तिसरे उत्तर 'परमात्मा एक'चे. नागपूरच्या विणकर वस्तीतून आलेल्या बाबा जुमदेवजींनी (१९२१-१९९६) उभा केलेला हा मार्ग नागपूर, भंडारा, गोंदिया जिल्ह्यांत घरोघर पोचला आहे. मार्गात येणाऱ्या कुटुंबाने मूर्ती आणि बाकीचे देव सोडायचे, मंत्र-तंत्र सोडायचे, दारू-जुगार सोडायचा आणि एकाच परमात्म्याला मानायचे. सत्य, मर्यादा, प्रेम हे तीन शब्द पाळायचे. चर्चाबैठकीला बसायचे. दारूबंदीसाठी आपण मोर्चे काढतो, बाटली आडवी करण्यासाठी मतदान घ्यायला लावतो. तिकडे कितीतरी बायका नवऱ्याची दारू सुटावी म्हणून मार्गात जातात, आणि बऱ्याच घरांत ती सुटतेही. का सुटते? एकट्या बाईने सांगितलेले नवरा ऐकत नाही, पण चार घरांसमोर दिलेला शब्द मोडायला तो कचरतो. यातली ताकद आहे ती समूहाची. परमात्म्याचे नाव त्या समूहाला एकत्र बांधते. प्रश्न एवढाच उरतो की 'मर्यादा' या शब्दाचा अर्थ घरात लावणार कोण? सुनेची मर्यादा सासऱ्याने ठरवायची असेल तर दारू गेली तरी जुलूम राहतोच.

चौथे उत्तर बहुसंख्यांचे, महादेव-मारुती-मातामायचे. पण या उत्तरातही दोन पोटप्रकार आहेत, आणि ते विदर्भानेच घडवले आहेत. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन, देवळात देव शोधणाऱ्यांना आणि कोंबडी-बकरी कापणाऱ्यांना भर कीर्तनात उलटतपासणी करून निरुत्तर केले. तुकडोजी महाराजांनी १९५५ साली 'ग्रामगीता' लिहिली, तिच्यात स्त्रियांच्या उन्नतीवर स्वतंत्र अध्याय ठेवला, आणि गावोगाव सामुदायिक प्रार्थनेला सर्व जातींची माणसे एका सतरंजीवर बसवली. देवाचे नाव घेऊनच देवाच्या नावाने चालणारी लूट थांबवायची, अशी ही रीत होती.

चार उत्तरे शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. देव आहे की नाही, एक आहे की अनेक, यावरून बाईचे जिणे सुधारलेले किंवा बिघडलेले दिसत नाही. जिथे तिला चार बायकांत बसायला जागा मिळाली, बोलायला मिळाले, तिचे म्हणणे कुणी ऐकून घेतले, तिथे ते सुधारले. आणि आजच्या घडीला गावातल्या बाईला ही जागा बहुतेक वेळा देवाच्या निमित्तानेच मिळते.

या मुद्द्यावर थोडे थांबू या. बाईला घराबाहेर पडायला निमित्त लागते. पुरुष पानटपरीवर तासभर उभा राहतो, त्याला कुणी कारण विचारत नाही. बाईला विचारतात. पूर्वी नदीवर धुणे असे, विहिरीवर पाणी असे, तिथे चार सुखदुःखाच्या गोष्टी होत. नळ घरात आला ही चांगलीच गोष्ट झाली, पाठीचे ओझे उतरले. पण ती भेटण्याची जागाही गेली. टीव्ही आला, मोबाइल आला, तो ज्याच्या त्याच्या हातात. आता 'कुठे चाललीस?' या प्रश्नाला सासरी चालेल असे उत्तर एकच उरले आहे: भजनाला चालले, देवळात चालले, सप्त्याला चालले. उपासाचेही तसेच आहे. 'आज मला उपास आहे' म्हणताना ती कधीकधी 'आज माझ्यावर सगळे काम टाकू नका' असेच सांगत असते. तेवढेच सांगण्याची तिला मुभा आहे.

अंगात येण्याकडेही या नजरेने पाहायला हवे. वर्षानुवर्षे जी खालमानेने वावरते, तिच्या अंगात देवी येते तेव्हा ती नवऱ्याला 'अरे' म्हणते, सासूला दम देते, पुरुष तिच्यापुढे हात जोडून उभे राहतात. देवी गेली की ती पुन्हा चुलीपुढे. वैद्यकीय मदतीची गरज असेल तिथे ती मिळालीच पाहिजे, आणि या प्रकाराचा धंदा करणाऱ्यांना कायद्याने रोखलेच पाहिजे. पण 'हे ढोंग आहे' एवढे म्हणून आपले काम संपत नाही. देवी अंगात आल्याशिवाय या बाईचे कुणी ऐकत का नाही, याचे उत्तर गावाने द्यायचे आहे.

म्हणून आधुनिक जीवनात श्रद्धेला महत्त्व उरले आहे का, या प्रश्नाला आमचे उत्तर असे: आहे, कारण आपल्या आधुनिक जीवनाने बाईसाठी दुसरी दारे पुरेशी उघडलेलीच नाहीत. देवळाचे दार तेवढे उघडे आहे. ते बंद करायला जाणाऱ्यापेक्षा दुसरे दार उघडणारी कार्यकर्ती तिला जवळची वाटेल.

यावर दोन्ही बाजूंनी आक्षेप येतील हे आम्ही जाणतो.

विवेकवादी मित्रमैत्रिणी म्हणतील, ही तडजोड आहे. मूळच तोडले पाहिजे. डॉ. श्रीराम लागू देवालाच निवृत्त करा असे निर्भयपणे सांगत असत, आणि त्या स्पष्टपणाबद्दल आम्हाला आदर आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची मांडणी वेगळी होती. देवाधर्माला विरोध नाही, शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला आहे, असे ते सांगत. त्यांचाही २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले, तो त्यांच्या मृत्यूनंतर आला. या कायद्याचा सर्वांत जास्त उपयोग बायकांनाच आहे, कारण चेटकीण ठरवली जाते ती बाई, मूल होण्यासाठी बाबाकडे नेली जाते ती बाई, आणि तिथे अत्याचार होतो तोही बाईवर. हा कायदा प्रत्येक गटाने वाचला पाहिजे. तेव्हा तडजोड आम्ही शोषणाशी करत नाही. फक्त बाईने आधी देव सोडावा आणि मग संघटनेत यावे, ही अट आम्हाला मान्य नाही.

परंपरावादी म्हणतील, श्रद्धा ही खासगी बाब आहे, तिला हात लावू नका. मग ४ सप्टेंबर १९८७ रोजी राजस्थानात देवराला इथे अठरा वर्षांच्या रूपकुंवरला चितेवर चढवली गेली, तीही खासगी श्रद्धाच का? गडचिरोलीच्या काही गावांत पाळी आलेल्या बाईला आजही गावाबाहेरच्या कुर्माघरात राहावे लागते. पावसाळ्यात तिथे साप-विंचू असतात. काही संस्थांनी अलीकडे तिथे पक्की, सोयीची घरे बांधून दिली. चांगले घर बांधणे म्हणजे प्रथेला बळ देणे का, की आज रात्री तिथे झोपणारीचा जीव वाचवणे? चळवळीत यावर दोन मते आहेत. आम्हाला वाटते, छप्पर आजच हवे आणि प्रथेविरुद्धचे बोलणेही त्याच छपराखाली सुरू व्हायला हवे. जी श्रद्धा बाईच्या शरीराला इजा करते, तिला गावाबाहेर टाकते, ती खासगी राहत नाही.

देवावर श्रद्धा असलेल्या बायका बंड करू शकत नाहीत हाही गैरसमज आहे. बहिणाबाईंनी (१६२८-१७००) तुकोबांना गुरू मानले म्हणून नवऱ्याचा मार खाल्ला, पण गुरू सोडला नाही. जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापला तेव्हा निर्मिकाला ठेवले आणि मधला दलाल तेवढा काढला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिताना पोथ्यापुराणांतल्या देवांनाही जाब विचारायला कमी केले नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि तिथेही आपल्या विवेकाचा हक्क चर्चच्या अधिकाऱ्यांच्या हाती दिला नाही. यांच्यापैकी कुणाचा देव खरा, हा वाद आम्हाला घालायचा नाही. आपल्या श्रद्धेबाबतचा निर्णय त्यांनी स्वतः घेतला, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

हाच धागा मंदिरप्रवेशाच्या लढ्यात आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक स्त्री शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर चढली म्हणून चौथऱ्याचे शुद्धीकरण केले गेले. विद्याताई बाळ आणि ॲड. नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या. महाराष्ट्रात १९५६ सालचा मंदिरप्रवेशाचा कायदा आहे, जिथे पुरुष जाऊ शकतो तिथे बाईला कुणी अडवू शकत नाही, हे १ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने स्पष्ट केले आणि आठवडाभरात, पाडव्याला, चौथरा खुला झाला. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या मैत्रिणींनी हाजी अलीच्या दर्ग्यासाठी दिलेला लढा त्याच वर्षी यशस्वी झाला. 'ज्या देवाला तुम्ही मानत नाही त्याच्या दारात कशाला जाता?' असा टोमणा तेव्हा ऐकावा लागला. उत्तर सोपे आहे. जायचे की नाही हे मी ठरवीन, पण मला अडवायचा अधिकार तुला नाही. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झाला तोही माणूस म्हणून असलेल्या हक्कासाठीच.

२०२२ या एकाच वर्षी इराणमध्ये महसा अमिनीच्या मृत्यूनंतर बायकांनी डोक्यावरचे रुमाल जाळले, आणि कर्नाटकात मुलींनी तो रुमाल घालूनच वर्गात बसू द्या म्हणून न्यायालय गाठले. वरवर पाहता या दोन टोकाच्या मागण्या आहेत. पण दोन्हीकडे मुलीच्या डोक्यावर काय असावे हे ठरवणारे हात सत्तेचेच आहेत. ज्या चळवळीला एकीची बाजू घेताना दुसरीचा विसर पडतो, तिने आपली भूमिका पुन्हा तपासावी.

आणि सत्तेबद्दल बोलायचे तर सावधपणा हवाच. बाईची श्रद्धा हे मोठे भांडवल आहे, हे राजकारणी आपल्याहून चांगले ओळखतात. १९९२ च्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत मुंबईत बायकाही दंगलीत उतरल्या, हे आपण पाहिले आहे. कलशयात्रेत डोक्यावर कलश बाईच्या असतो, व्यासपीठावर ती नसते. देवाच्या नावाने तिला घराबाहेर काढणारेच शेजारच्या मोहल्ल्यातल्या बाईला तिची वैरी ठरवतात. म्हणून निमित्त देवाचे असले तरी जागा कुणाची, माईक कुणाच्या हाती आणि पुढचा कार्यक्रम कुणी ठरवला, हे विचारायची सवय गटाला लावली पाहिजे.

आता त्या मैत्रिणींबद्दल, ज्या देव मानत नाहीत. पुरुष नास्तिक असला की तो विचारवंत ठरतो. बाई नास्तिक असली की आगाऊ, घरबुडवी. नवऱ्याला ताप आला तरी हिच्या न मानण्यामुळे आला असे म्हणतात. नोकरदार, शिकलेल्या बायकाही सासरी गुपचूप हळदीकुंकू लावून घेतात. या मैत्रिणींचा हक्क राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात, सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यात आहे. सरकारी अर्जात धर्म लिहिण्याची सक्ती करता येणार नाही, 'कोणताही धर्म नाही' असे म्हणण्याचा नागरिकाला हक्क आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये सांगितले आहे. आपल्या गटांत मानणारीला कमीपणा वाटू नये तसे न मानणारीला लपावे लागू नये. आजीने 'देवाले मानता का' विचारले तर कार्यकर्तीने जे खरे असेल तेच सांगावे. खोटा नमस्कार करून मिळवलेला विश्वास फार दिवस टिकत नाही.

गटांनी आपापल्या गावात करून पाहावे असे काही सुचवून थांबतो. कुठल्याही व्रताला, प्रथेला, यात्रेला तीन प्रश्न विचारावेत. याचा भार कुणाच्या शरीरावर पडतो? याचा पैसा आणि मान कुणाकडे जातो? आणि बाईने 'नाही' म्हटले तर तिचे काय होते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'काही होत नाही' असे असेल, तर ती तिची श्रद्धा आहे, तिला आनंदाने राहू द्यावे. उत्तर 'तिला घरात जागा राहत नाही' असे असेल, तर ती सक्ती आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे बंद करण्याचा ठराव केला. शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनीही त्याचे अनुकरण करावे असे म्हटले. पारशिवनी तालुक्यातल्या आणि आपल्या सगळ्यांच्याच गावांतल्या ग्रामसभांपुढे हा ठराव ठेवता येईल. त्यात देवाला मानण्या-न मानण्याचा प्रश्नच येत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवा, परित्यक्ता, बौद्ध, मुस्लिम, आदिवासी अशा सगळ्या मैत्रिणींना बोलवायचे, ते जमत नसेल तर त्याच दिवशी तिळगुळाचा वेगळा मेळावा घ्यायचा, हेही अवघड नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जागा. गावात समाजमंदिर असते, त्याची किल्ली सरपंचाकडे असते आणि आत पुरुष पत्ते खेळतात. आठवड्यातून दोन तास ती किल्ली महिला मंडळाकडे यावी, असा अर्ज करा. तिथे कुणी भजन म्हणेल, कुणी ग्रंथ वाचेल, कुणी कायदा समजावून घेईल, कुणी नुसतीच भिंतीला टेकून बसेल. त्यासाठी तिला देवाचे निमित्त सांगावे लागणार नाही.

किल्ली मिळाली का, कुणी अडवले, काय कारण सांगितले, हे आम्हाला जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात तुमचीच पत्रे छापायची आहेत.

— संपादक मंडळ